काय माकू?

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक ब्लँकेट पिळलं. वाघाचं चित्र असलेलं, जाड, इथं आखातात घरोघरी असतं तसलं. त्या हिवाळ्यात पाऊस असा लागला होता की गॅलरीच्या खिडकीतून पाणी आत आलं आणि ब्लँकेटला कुबट वास सुटला. मशीनमध्ये ते मावेना. शालननं टबात घालून पायानं तुडवलं, मग एक टोक तिनं धरलं, एक मी. पिळायला लागलो तर पाणी काही निघेना. वाघ नुसता ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत होता.

"अहो, माझ्या उलट पिळा."

"उलटच पिळतोय."

"जन्मभर माझ्या उलट वागलात, आणि आज नेमकं सुलट सुचलं होय?"

हसताना तिच्या हातातलं टोक सुटलं आणि माझ्या पायावर बादलीभर पाणी पडलं. जानेवारीतलं पाणी. मी शिवी दिली. ती आणखी हसली. मग दोघांनी मिळून ते गॅलरीत तारेवर टाकलं. तार वाकली. खाली बादली ठेवली, तिच्यात थेंब पडायला लागले. संध्याकाळी तिनं केस बांधले, पांढरे बूट घातले, वर माझा जुना स्वेटर चढवला आणि दवाखान्याच्या बसनं नाईट ड्युटीला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "उद्या ऊन पडलं तर उलटून टाका ते." बाकी काही नाही. काही बोलायला हवं होतं असं तेव्हा कोणाला माहीत होतं?

हे आज आठवायचं कारण आमची पिंकी. माझी नात, सात वर्षांची, दुसरीत आहे. सकाळी तिच्या बापाच्या मोबाइलवर शाळेचा मेसेज आला आणि ती सोफ्यावर उड्या मारायला लागली. "आजोबा, नो स्कूल! फॉग डे!" मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. म्हणलं, "खाली उतर, पडशील." म्हणे, "आय वोंट." मग खिडकीशी गेली आणि काचेवर नाक लावून म्हणाली, "आजोबा, देअर इज नथिंग आउटसाइड."

खरंच काही नव्हतं. समोरच्या मशिदीच्या मनोऱ्यावर हिरवी ट्यूबलाइट असते, ती दिसत नव्हती. खाली माझी मिनीबस उभी असते, तिचं नुसतं छप्पर दिसत होतं, तेही पाण्यावर तरंगल्यासारखं. आणि समुद्राच्या बाजूनं जहाजाचा भोंगा. सलव्यात आमच्या बिल्डिंगीपासून समुद्र तसा जवळ, पण एरवी त्याचा आवाज येत नाही. धुकं पडलं की येतो. लांबून कोणी गाय हंबरावी तसा. एकदा वाजतो, मग किती तरी वेळ नाही, आणि आपण कान देऊन बसतो.

पिंकीची आई, म्हणजे माझी विजया, तीही नर्स. काल तिची नाईट होती. तिचा दवाखाना शालनच्याहून वेगळा आहे, पण तोही शहराबाहेर जहऱ्याच्याच बाजूला, आणि रस्ता तोच. नाश्त्याच्या वेळेपर्यंत घरी येते. जावई प्लँटवर गेला. मी आणि पिंकी घरात. शाळा नाही म्हणजे मलाही काम नाही, कारण ह्या वयातही मी शाळेचीच बस चालवतो. मी दोनदा चहा केला आणि दोनदा ओतून दिला.

शाळा बंद करतात ते चांगलंच आहे. माझी काही तक्रार नाही. पोरं लहान असतात, रस्त्यावर गाड्या कशा पळतात ते मी रोज बघतो. पण लोकांना सुट्टी ऐकून बरं वाटतं आणि मी फोनकडं बघत बसतो. शाळा बंद करतात म्हणजे अख्खं शहर कबूल करतं की बाहेर काहीतरी उभं आहे. आणि मग ज्यांना सुट्टी नाही अशी माणसं त्याच्यात पाठवतात. खुबूस रोट्या भाजणारे, रस्ते झाडणारे, नर्सा. दवाखान्याला कधी फॉग डे असतो का? मी तरी ऐकला नाही.

इथल्या थंडीला लोक हसतात. गावाकडं सांगितलं की म्हणतात, वाळवंटात कसली थंडी? त्यांना काय सांगणार. फरशी अशी गार पडते की पाय ठेवला तर कळ डोक्यात जाते. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. पाऊस पडायचा म्हणजे वर्षभराचा एकदम पडतो, आणि ह्या गावाला त्याची सवय नाही. रस्त्यांना उतार नाही. पुलाखालच्या रस्त्यांत पाणी भरतं, गाड्या त्यात तोंड खुपसून उभ्या राहतात. मग वारा पडतो. वारा पडला की ओल्या वाळूतून धुकं उठतं. आधी जहऱ्याकडं, खाडीच्या चिखलावर, आणि मग सहाव्या रिंग रोडनं चालत यावं तसं इकडं येतं. मी त्याला येताना बघितलंय. पुढचा विजेचा खांब जातो, मग त्याच्या अलीकडचा जातो. आवाज होत नाही.

मी सातवी पास. खरं सांगायचं तर सातवीपर्यंत गेलो, पासचं बघू नका. शालन शिकलेली. नगरच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग केलं, आखातातल्या लढाईनंतर इथं भरती निघाली तेव्हा तिची निवड झाली, आणि तिच्यामागं मी आलो. बायकोच्या व्हिसावर आलेला नवरा. आमच्या ओळखीत पुण्या-नाशिकचे इंजिनियर लोक होते, ते जेवायला बोलावायचे आणि विचारायचे, "मग तुम्ही काय करता?" मी म्हणायचो, "स्वयंपाक." शालन पदर तोंडाला लावून हसायची. पुढं मला शाळेच्या मिनीबसवर काम मिळालं. रुमैथिया आणि सलवा, ह्या दोन भागांतली पोरं उचलायची आणि शाळेत सोडायची. काम लागलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं सांगितलं, "आता कोणी विचारलं तर ट्रान्सपोर्टमध्ये आहे म्हणा."

त्या हिवाळ्यात पाऊस सुरू झाला आणि शाळेनं पहिल्यांदा सुट्टी दिली, तेव्हा सगळ्यांना कळलं, मला कळलं नाही. शिक्षकांना फोन गेले, आईबापांना गेले. ड्रायव्हरला कोण सांगणार? मी नेहमीसारखा गुडघाभर पाण्यातून बस घेऊन रुमैथियाला गेलो. पहिल्या गेटवर पोर नाही. हॉर्न दिला. दुसऱ्या गेटवर नाही. तिसऱ्या गेटवर हॉर्न दिल्यावर घरकाम करणारी बाई डोक्यावर टॉवेल घेऊन बाहेर आली आणि माझ्यावर ओरडली, "माकू मदरसा! माकू! रूह!"

मदरसा म्हणजे शाळा, रूह म्हणजे जा. माकू म्हणजे नाही. अकू म्हणजे आहे. इथं दुकानात, दवाखान्यात, ऑफिसात हे दोन शब्द आले की निम्मं काम होतं. पण ती बाई इतक्या जोरात ओरडली की मला वाटलं घरात कोणी गेलं.

घरी आल्यावर शालनला सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. मग म्हणाली, "आमच्या वॉर्डात टीव्ही रात्रभर चालू असतो. खाली पट्टी येते शाळांची. आमची इनचार्ज वाचून सांगते. नाईट असली की सकाळी मी तुम्हाला फोन करत जाईन. शाळा असली तर अकू म्हणेन, नसली तर माकू. जास्त बोलायला वेळ नसतो मला, कळलं?"

"कळलं."

"काय कळलं? सांगा."

"अकू म्हणजे ऊठ, माकू म्हणजे झोप."

मग ते दोन शब्द आमच्या घरातच राहायला आले. साखर माकू. गॅस माकू. मी टीव्हीसमोर बसून चहा मागितला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "दूध अकू, पण तुम्हाला माकू." भांडण झालं की, "अक्कल माकू." विजया तेव्हा नगरला कॉलेजात होती. तिला पत्र लिहिताना शालननं खाली लिहिलं होतं, इकडं सगळं अकू आहे, फक्त तू माकू. पोरीनं उलट पत्रात विचारलं, मम्मी हे काय लिहिलंस?

आणि सकाळचा फोन. अंधार असायचा, बाहेर पावसाचा नाहीतर धुक्याचा वास, हो, धुक्याला वास असतो, ओल्या मातीचा आणि डिझेलचा. फोन वाजायचा. उचलला की तिकडून ट्रॉलीचा आवाज, कोणाचं तरी खोकणं, आणि शालन. "अकू." ठेवला फोन. किंवा "माकू." ठेवला फोन. एका शब्दात बायको. मला त्याची इतकी सवय झाली की मी खिडकीतून बाहेर बघायचंच सोडलं. बाहेर काय आहे ते ती तिकडून, जहऱ्यावरून सांगायची.

आत्ता पिंकी विचारते, "आजोबा, व्हेन इज ममा कमिंग?" म्हणलं, "येईल." ती म्हणते, "यू सेड दॅट बिफोर." पोर हुशार आहे. तिला कागद आणि खडू दिले. ती धुक्याचं चित्र काढते म्हणाली, आणि कागद तसाच कोरा ठेवून मला दाखवला. मला ते आवडलं नाही. म्हणलं, त्याच्यात काहीतरी काढ. एक दिवा काढ.

ब्लँकेट पिळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मी उचलला. मागं नेहमीपेक्षा जास्त गलका होता, बायका एकमेकींशी मोठ्यानं बोलत होत्या.

"माकू," शालन म्हणाली. "येते मी."

"ये," मी म्हणलं.

एवढंच. मी परत पांघरुणात शिरलो. गॅलरीत बादलीत थेंब पडत होते ते ऐकत पडलो. छान वाटत होतं, खोटं कशाला सांगू. शाळा नाही, शालन येईल, तिला भाकरी आणि लसणाची चटणी करून घालू, असं मनात होतं.

मग पुन्हा फोन वाजला. रुमैथियाच्या एका पोराची आई. केरळची बाई, हिंदी मोडकं बोलायची.

"ड्रायव्हर, तुम किधर? बच्चा लोग गेट पे खडा है."

"मॅडम, आज स्कूल बंद है."

"कौन बोला? स्कूल बंद नहीं है. हम अभी फोन किया. जल्दी आओ, ठंडी है."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात तसाच उभा राहिलो. शाळा आहे. मग शालन माकू का म्हणाली? ती चुकीचं सांगणारी बाई नव्हती. औषधाची बाटली तीनदा वाचणारी बाई ती. शाळा आहे, तर माकू काय?

काय माकू?

हे एवढे दोन शब्द त्या सकाळपासून माझ्या डोक्यात आहेत. वॉर्डात फोन लावला तर एंगेज. परत लावला, एंगेज. खाली पोरं गारठत होती. मी बस काढली.

असं धुकं मी आधी बघितलं नव्हतं. खिडकीतून मुंडकं बाहेर काढून चालवावं लागलं. पांढरा पट्टा दिसायचा, तो धरून पुढं जायचं, पट्टा संपला की थांबायचं. गेटवर पोरं एकदम समोर यायची, आधी दप्तर दिसायचं, मग पोर. चढताना कुरकुर करत होती, "अंकल, यू आर सो लेट." नंतर मात्र सगळी गप्प बसली. एरवी माझी बस म्हणजे चिमण्यांचं झाड, त्या दिवशी एक पोर बोलेना. एका पोरीनं मागून हळूच विचारलं, "अंकल, कॅन यू सी?" मी म्हणलं, "हां बेटा." दिसत काही नव्हतं. मला सारखं वाटत होतं, काय नाहीये तिथं? टीव्ही माकू? इनचार्ज माकू? काय माकू?

शाळेच्या गेटवर पोचलो तर वॉचमन कंदील हलवावा तसा टॉर्च हलवत उभा. म्हणाला, आत्ताच निरोप आलाय, शाळा बंद. सगळ्या पोरांना घरी सोड. जहऱ्याच्या रस्त्यावर गाड्या एकमेकांवर चढल्यात म्हणतात, खूप गाड्या.

मी त्याला काही विचारलं नाही. बसमध्ये पोरं होती. ती मागं आनंदानं ओरडली, सुट्टी, सुट्टी. मी बस वळवली आणि एकेकाला त्याच्या दारात नेऊन सोडलं. गेटवर नाही, दारात. बेल वाजवून, आईच्या हातात. लोक मला नंतर म्हणाले, तू तेव्हाच जहऱ्याकडं का नाही पळालास? मी म्हणलं, तुमची पोरं कुठं टाकली असती?

घरी आलो. कुलूप तसंच होतं. बादली भरून वाहत होती.

नंतर सगळं कळलं ते शालनबरोबरच्या एका नर्सबाईकडून. त्या सकाळी धुक्यामुळं दवाखान्याची बस आलीच नाही. शालन फोनपाशी गेली आणि बाकीच्यांना म्हणाली, थांबा, मी आमच्यांना सांगते की बस नाही, उशीर होईल. म्हणजे बस माकू. शाळेचं तिच्या ध्यानातच नव्हतं त्या गडबडीत. तोंडात तो शब्द बसलेला, तो आला बाहेर. मी माझा अर्थ घेतला. मग एक्स-रेवाल्या माणसाच्या गाडीत शालन धरून तिघं बसून निघाले. ही नर्सबाई मागं राहिली, तिची पर्स वॉर्डात विसरली होती म्हणून. ती सांगताना रडायची आणि पर्स घट्ट धरून बसायची.

मी स्वतःला दोष देत नाही. तिलाही देत नाही. मला कळलं असतं तर मी बस घेऊन आणायला निघालो असतो, आणि त्या धुक्यात मी तिच्यापर्यंत पोचलो असतो की मीही त्या ढिगात गेलो असतो, हे कोणी सांगावं? चर्चमधले लोक म्हणाले, प्रभूची इच्छा. मी म्हणलं, असेल, पण मला पसंत नाही. मी असाच बोलतो, शालन असती तर तिनं कोपरानं ढोसलं असतं.

आत्ता मोबाइल वाजला. पिंकी धावली, पण मी आधी घेतला. तिकडून विजया, तिच्या आईसारखाच आवाज, फक्त जरा जाड.

"पप्पा, मी विजया बोलते आहे. दवाखान्याची बस आलेली आहे. मी बसमध्ये बसलेली आहे. धुकं कमी झालंय. बस हळू चालली आहे. पिंकीची शाळा बंद आहे हे मला माहीत आहे."

"आणि?"

"आणि मला भूक लागलेली आहे. झालं का पुरं?"

तिच्या बसमधल्या पोरी मागं हसत होत्या. हसू देत. आमच्या घरात फोनवर पुरं वाक्य बोलायचं असा नियम आहे. कोण, कुठं, काय आहे आणि काय नाही. जावयाला सुरुवातीला वाटलं म्हातारा सटकलाय. वाटू दे. अर्धं बोलून ठेवलेला फोन मी ह्या घरात चालू देणार नाही.

ती येईपर्यंत पीठ मळायला घ्यायचं आहे. पण एक सांगायचं राहिलं, ते सांगतो, कारण त्याच्यावरून लोकांनी मला नावं ठेवली.

शालन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. असं लख्ख ऊन की लाज वाटावी. हॉलमध्ये ओळखीतली माणसं आडवीतिडवी झोपली होती, मला सोबत म्हणून आलेली. मी गॅलरीत गेलो. ब्लँकेट एका बाजूनं सुकलं होतं. मी ते उलटून टाकलं. एकट्यानं जड जातं, पण टाकलं. मग आत येऊन फोनपाशी बसलो. फोनची वेळ झाली आणि टळून गेली. फोन वाजला नाही. वाजणार नव्हता हे मला कळत होतं, मी खुळा नाही. पण पोरं गेटवर येऊन उभी राहणार होती, आणि त्यांना काय सांगायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

मला एकच नंबर पाठ होता. तो लावला.

"हॅलो, वॉर्ड," कोणीतरी नवीन पोरगी होती. मागं ट्रॉलीचा आवाज आला.

मी म्हणलं, "सिस्टर, आज मदरसा?"

तिला वाटलं असेल कोणा पेशंटचा बाप आहे. "अकू," ती म्हणाली.

"काय अकू?" मी म्हणलं. "पुरा बोलो सिस्टर. क्या अकू?"

"मदरसा अकू, बाबा. स्कूल खुला है आज. सब खुला है."

मी फोन ठेवला. झोपलेल्या माणसांवरून पाय उचलत दारापर्यंत गेलो. खाली जाऊन बसची काच पुसली, आतून आणि बाहेरून, आणि रुमैथियाला गेलो. पहिल्या गेटवर पोरं उभी होती. कालची ती पोरगी आधी चढली, माझ्याकडं बघून म्हणाली, "अंकल, टुडे यू आर नॉट लेट."

"नो बेटा," मी म्हणलं. "बैठ जा."